बट्ट्याच्या रुपयामागे पाच दिवस

पहिला दिवस : वडोदरा

सकाळी सहाला वडोदऱ्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझ्या पाठपिशवीत दोन शर्ट, एक भिंग आणि सोनार वापरतात तसला खिशात मावणारा काटा होता. दाजींची बॅग माझ्या तिप्पट. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले रोखपाल. जन्मभर पैसे मोजले, पण नाण्यांचा नाद शून्य. ‘चालतं ते नाणं, न चालतं ते भंगार’ एवढंच त्यांचं नाणेशास्त्र. ‘घरात बसून माझं डोकं खातात, ने त्यांना तुझ्याबरोबर,’ असं ताईनं फर्मावलं म्हणून ते आले.

बेत साधा होता. इंग्रजी अमदानीत ज्या संस्थानांनी स्वतःची चांदीची नाणी पाडली त्यांपैकी चारांची गावं बघायची : वडोदरा, भुज, उदयपूर, इंदूर. आणि प्रत्येक ठिकाणी एकच बघायचं, की वर साहेब बसलेला असताना या राजांनी नाण्यावर नाव कुणाचं घातलं?

दांडिया बाजाराच्या एका जुन्या वाड्यात माझ्या ओळखीचे एक संग्राहक राहतात. पाच पिढ्या बडोद्यात गेल्या, तरी घरात मराठीच. फक्त ‘पेलं’, ‘केम’ असले शब्द मधे पेरलेले. चहा येण्याआधीच त्यांनी मखमलीचं तबक पुढे ठेवलं. पहिल्या ओळीत हातघडाईचे ओबडधोबड रुपये. दोन्ही बाजूंना फारसी मजकूर, तोही अर्धा नाण्याबाहेर गेलेला, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. पण एका कोपऱ्यात दोन नागरी अक्षरं स्वच्छ दिसतात : ‘खा गा’.

दाजींनी चष्मा वर केला. “खा आणि गा? हा काय सरकारी हुकूम आहे का?”

खंडेराव गायकवाड. बाकी सगळा मजकूर मोगली परंपरेतला आणि आपल्या राजाची खूण एवढीच, दोन अक्षरांची. गायकवाडांनी बरीच वर्षं दिल्लीच्या बादशहाच्या नावानं नाणी पाडली. बादशहाची सत्ता लाल किल्ल्याच्या भिंतींपुरती उरली होती, पण सराफाला ओळखीचा छाप लागतो. अनोळखी छाप दिसला की तो आधी कपाळाला आठ्या घालतो आणि मग बट्टा कापतो, म्हणजे रुपयाला पुऱ्या रुपयाची किंमत देत नाही.

दुसऱ्या ओळीत माझ्या आवडीचा रुपया होता. यंत्रावर पाडलेला, कडा गोल, अक्षरं ठसठशीत. एका बाजूला पगडी घातलेले तरुण सयाजीराव, भोवती बाळबोधीत त्यांचं नाव. मागे ‘एक रुपया’, संवत आणि तलवार. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव, बारा-तेरा वर्षांचा असताना १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर बसला आणि विशी ओलांडून काही वर्षं होतात तोच स्वतःचा चेहरा रुपयावर घातला. राणी नाही, कैसर-ए-हिंद नाही, मोगलही नाही. मजा म्हणजे वर्ष शकात नाही, विक्रम संवतात. गुजरातच्या बाजारात चालायचं तर तारीख गुजरातेचीच हवी. संग्राहकांच्या तबकात संवत १९४८ पासून १९५६ पर्यंतचे रुपये होते. मी एक काट्यावर ठेवला : ११.४ ग्रॅम.

“आणि इंग्रजी रुपया?” दाजींनी विचारलं.

“११.६६. म्हणजे १८० ग्रेन, म्हणजेच एक तोळा. १८३५ च्या कायद्यापासून तेवढाच.”

“मग फरक किती? चिमूटभर.”

बरोबर. फरक चिमूटभर होता, तोवर बाबाशाही रुपया (बडोद्याच्या रुपयाला लोक बाबाशाही म्हणत) थोडा बट्टा देऊन निभावत होता. सगळी गोम पुढे आहे. जर्मनी चलनासाठी चांदी सोडून सोन्याकडे वळला, अमेरिकेत चांदीच्या खाणी लागल्या आणि १८७० नंतर चांदी जगभर उतरत गेली. तोपर्यंत कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावं आणि घडणावळ देऊन रुपये पाडून आणावेत अशी सोय होती. २६ जून १८९३ ला सरकारनं ती बंद केली. त्या दिवसापासून इंग्रजी रुपयाची आणि चांदीची फारकत झाली. रुपये मोजकेच, म्हणून त्यांचा भाव आतल्या चांदीपेक्षा वर गेला. १८९९ पर्यंत पंधरा रुपयांना एक सॉव्हरिन (इंग्रजांचं सोन्याचं नाणं) असा तो जवळपास खुंटीला बांधला गेला. संस्थानी रुपया मात्र चांदीलाच चिकटलेला. चांदी पडली की तोही पडे. जवळजवळ तेवढीच चांदी अंगात असलेले दोन रुपये, आणि एकाला जबर बट्टा.

त्यात संवत १९५६ चा दुष्काळ आला, गुजरातेत ज्याला अजून ‘छप्पनियो’ म्हणतात. धान्य बाहेरून आणायचं तर बाहेरचा रुपया हवा, तो घ्यायला आपला विकायचा, की आपला आणखी खाली. नव्या शतकाच्या तोंडाशी बडोद्यानं बाबाशाही गुंडाळला आणि इंग्रजी रुपया घेतला. ज्या सयाजीरावांनी नाण्यावर दुसऱ्या कुणाचंच नाव येऊ दिलं नाही, त्यांच्या राज्यात शेवटी एडवर्डचा चेहरा फिरू लागला, आणि तो कुठल्या फर्मानानं नव्हे, सराफकट्ट्यावरच्या भावानं. मला ही गोष्ट कुठल्याही तहापेक्षा जास्त झोंबते.

संग्राहकांना ती तेवढी झोंबत नसावी. “लोकांचं नुकसान थांबलं, हेही बघा ना,” एवढंच म्हणाले आणि तबक आत नेलं.

दुपारी लक्ष्मीविलास राजवाडा. कॅमेरेवाले पर्यटक, हिरवळ, रविवर्म्याची चित्रं. छान आहे, पण त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. संध्याकाळी सेव-उसळ खाल्ली. दाजींना घाम फुटला, तरी दुसरी प्लेट मागवली. रात्री भुजची गाडी पकडली. गाडीचं नाव सयाजीनगरी एक्स्प्रेस. आम्ही दोघंही हसलो.

दुसरा दिवस : भुज

हमीरसर तलावाकाठी कच्छ संग्रहालय आहे, १८७७ मध्ये स्थापन झालेलं, गुजरातमधलं सर्वांत जुनं. क्षत्रपांचे शिलालेख बघायला लोक येतात. मी कोऱ्या बघायला आलो होतो.

कच्छला रुपया नव्हताच. तिथलं नाणं कोरी. आणि हिशेब असा, की आपले आणे-पै त्यापुढे बाळबोध वाटावेत : दोन त्रांबियांचा एक दोकडो, तीन त्रांबियांचा ढिंगलो, चोवीस दोकड्यांची एक कोरी. चांदीत कोरी, अडीच कोरी आणि पाच कोरी. पाचचं नाणं म्हणजे पांचियो.

मला कच्छचं कौतुक वाटतं ते नावांच्या बाबतीत. कोरीवर आधी गुजरातच्या मुजफ्फर सुलतानाचं नाव, सल्तनत बुडाल्यावरही कितीतरी पिढ्या. मग दिल्लीचा अकबर दुसरा, मग बहादूरशाह. १८५७ नंतर फारसी लिपीतच व्हिक्टोरिया. पुढे एडवर्ड, जॉर्ज. दुसऱ्या बाजूला नागरीत ‘महाराउ श्री खेंगारजी’ आणि कच्छ-भुज, शिवाय त्रिशूळ, चंद्रकोर आणि कट्यार. वरची बाजू भाड्यानं दिलेली, खालची स्वतःची. भाडेकरू बदलत गेले, घरमालक तोच.

खेंगारजी तिसरे १८७५ पासून १९४२ पर्यंत गादीवर होते. त्यामुळे एकाच राजाच्या नाण्यांवर व्हिक्टोरिया, एडवर्ड सातवा, जॉर्ज पाचवा, एडवर्ड आठवा आणि जॉर्ज सहावा असे पाच भाडेकरू सापडतात. त्यातला एडवर्ड आठवा म्हणजे गंमतच. २० जानेवारी १९३६ ला आला आणि ११ डिसेंबरला प्रेमापायी गादी सोडून गेला. ब्रिटिश हिंदुस्थाननं त्याचं एकही नाणं काढलं नाही. कच्छनं काढलं! कोरी, अडीच कोरी, पांचियो, सगळं. मला वाटतं याचं कारण अगदी कारागिरीतलं आहे. मुंबई-कलकत्त्याला राजाचा चेहरा कोरायचा म्हणजे विलायतेहून मंजुरी, नमुने, महिनोन्‌महिने. भुजच्या टांकसाळीला चेहरा लागतच नव्हता. ठशावरचं नाव बदललं की नवा बादशहा तयार.

संग्रहालयातून बाहेर पडताना दाजींनी मार्मिक शंका काढली. त्यांनी माझ्या काट्यावर एक कोरी ठेवली होती (माझीच, घरून आणलेली) : ४.७ ग्रॅम. “पाच कोऱ्यांचे साडेतेवीस व्हायला हवेत. तुमचं ते पुस्तक म्हणतं पांचियो १३.८७. हे कसं?”

रोखपाल ते रोखपाल. उत्तर कसात आहे. कोरीत चांदी सुमारे साठ टक्के, पांचियोत जवळजवळ चौऱ्याण्णव. मोठं नाणं शुद्ध आणि म्हणून हलकं. चांदीचा हिशेब मांडला तर पाच कोऱ्या आणि एक पांचियो यांत फारसं अंतर राहत नाही. दाजींनी रुमालावर गुणाकार करून खात्री केली. त्या क्षणी मला वाटलं, आता हा माणूस आपल्या पंथात आला.

आणि तिथेच मी शेण खाल्लं.

बाजारातल्या एका दुकानात, नाव सांगत नाही, ट्रेमध्ये पांचियो दिसला. १९३६, एडवर्ड आठवा. मी इतका हरखलो, की काटा पिशवीत आणि पिशवी दाजींच्या खांद्यावर आहे हे विसरलो. भिंग लावलं, त्रिशूळ बघितला, कट्यार बघितली, भाव घासाघीस करून निम्म्यावर आणला आणि खिशात टाकला. निम्म्यावर आला तेव्हाच संशय यायला हवा होता. रात्री खोलीवर काट्यावर ठेवला : १२.३ ग्रॅम. झीज म्हणावी तर अक्षरं करकरीत. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक खळगे. ओतीव. ठशानं मारलेलं नाणं असं दिसत नाही.

दाजी काही बोलले नाहीत. पोटावर हात ठेवून घोरायला लागले, पण मला शपथेवर सांगता येईल की ते घोरणं खोटं होतं.

तिसरा दिवस : वाटेत

भुज ते उदयपूर, पालनपूर आणि आबूरोडवरून. दिवसभर गाडी. बाहेर बाभळी, मिठागरं, ट्रक, परत बाभळी.

पालनपूरच्या पुढे कुठेतरी दाजी आपणहून बोलायला लागले. त्यांचं आजोळ नांदेडकडचं, निजामाच्या राज्यातलं. त्यांची आजी भाजीवाल्याशी बोलताना शेवटपर्यंत दोन रुपयांत फरक करायची : ‘हाली’ आणि ‘कलदार’. हाली म्हणजे हैदराबादचा, चारमिनारचं चित्र असलेला. कलदार म्हणजे कळीच्या यंत्रावर पाडलेला इंग्रजी. “शंभर कलदार म्हणजे किती हाली, हे आजी झोपेतून उठवलं तरी सांगायची. एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै.”

मी मनात भागाकार केला. सहाला सात. शंभराला सात षष्ठांशानं गुणा, नेमकं तेवढंच येतं. कुठल्याही शाळेत न गेलेली बाई रोज परकीय चलनाचा हिशेब करत होती, तोही आपल्याच तालुक्यात. हैदराबाद एवढं मोठं, की १८९३ चा तडाखाही त्यांनी पचवला. १९०३ मध्ये सैफाबादला नवी टांकसाळ उभारली आणि मीर उस्मान अलींच्या काळात चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर घालून रुपये पाडत राहिले. हाली स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालला.

“मग आजीनं ठेवलेत का काही?”

“ठेवले होते. माझ्या मुंजीत वाटी-चमचा केला त्याचा.”

संस्थानी चांदीचं बहुतेक ठिकाणी हेच झालंय. वाट्या, पैंजण, निरांजनं.

चौथा दिवस : उदयपूर

उदयपूरला लोक तळ्यांसाठी येतात. मीही तळं बघितलं. पण आलो होतो ते दोन शब्दांसाठी : ‘दोस्ति लंधन’.

महाराणा स्वरूपसिंहांनी (१८४२ ते १८६१) काढलेला हा स्वरूपशाही रुपया. त्याआधी उदयपूरचा रुपयाही मोगल बादशहाच्याच नावाचा. नव्या रुपयावर एका बाजूला ‘चित्रकूट उदयपुर’, म्हणजे चितोडची आठवण आणि उदयपूरची गादी. दुसऱ्या बाजूला ‘दोस्ति लंधन’. लंडनचे दोस्त. स्वतःचं नाव नाही, राणीचं नाव नाही, बादशहाचं तर नाहीच. ज्या घराण्यानं अकबराच्या दरबारात मान तुकवली नाही, त्यानं इंग्रजाला नाण्यावर जागा दिली, पण माणसाला नव्हे, गावाला. आणि नातं सांगितलं ते दोस्तीचं. १८१८ च्या तहात खंडणी ठरलेली आहे, रेसिडेन्सीत साहेब बसलेला आहे, तरी रुपया म्हणतो, आम्ही दोस्त. याला कुणी लाचारी म्हणेल, कुणी मग्रुरी. तहाचा मजकूर आणि हा रुपया शेजारी ठेवून वाचले, की मला मग्रुरीच दिसते.

लंधनमधला ‘ध’ मला फार आवडतो. कुणीतरी कारागिरानं ऐकलं तसं कोरलं आणि पुढे संवत १९८५ चा यंत्रावर पाडलेला रुपया आला, ज्यावर डोंगर आणि तटबंदीचं सुरेख चित्र आहे, तेव्हाही लंधन ते लंधनच राहिलं. त्या सुमारास पाडणारे हात कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळीतले होते, ज्यांना लंडन कसं लिहितात हे नक्की ठाऊक असणार.

राजपुतान्यातल्याच अलवरनं याच्या नेमकं उलट केलं. १८७६ चा एक कायदा होता : संस्थानानं आपली टांकसाळ निदान तीस वर्षं बंद ठेवावी, सरकार त्यांना कलकत्त्यात रुपये पाडून देईल, वजन-कस इंग्रजी रुपयाचा, दर्शनी बाजूला राणीचं मुंडकं. अलवरनं १८७७ मध्ये तसे रुपये घेतले, पुढे बिकानेरनं. बट्टा नाही, कटकट नाही. आपल्याकडचे देवास आणि धार यांनी या सोयीनं फक्त तांब्याची नाणी करून घेतली. नाव गेलं, पण रुपया सोळा आणे चालला. आज लिलावात ‘दोस्ति लंधन’ आणि अलवरचा रुपया शेजारी आले, तर हात आधी कुणाकडे जातो ते संग्राहकांना विचारा.

पिछोल्याच्या काठावर एका पथारीवाल्याकडे खरा स्वरूपशाही मिळाला. या वेळी आधी काटा, मग भिंग, मग पैसे. दाजी शेजारी उभे राहून दर ग्रॅम मोठ्यानं वाचत होते.

पाचवा दिवस : इंदूर

रात्रीची गाडी चितोड, नीमच, मंदसौर करत आली. मंदसौरला जाग आली. इथून जवळच प्रतापगड; तिथला सालिमशाही रुपया एके काळी अख्ख्या माळव्यात चालायचा. फलाटावर चहावाल्याला दहाची नोट दिली आणि परत झोपलो.

इंदूरचा सराफा दिवसा चांदीचा आणि रात्री खाण्याचा. आम्ही दुपारी गेलो, म्हणजे नेमकं चांदीच्या वेळेला. एका ओट्यावर सत्तरीचे सराफ गादीवर बसले होते. म्हटलं, मल्हारनगर छाप दाखवा.

मल्हारनगर म्हणजे इंदूरच, टांकसाळीचं नाव. त्यांनी कापडी थैली उलटी केली. सात-आठ रुपये, प्रत्येकावर सूर्याचा गोल चेहरा, डोळे-नाक-मिशांसकट. भोवती फारसीत शाह आलम बादशहा. तो बादशहा १८०६ मध्ये वारला. होळकरांच्या टांकसाळीत तो दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळापर्यंत, म्हणजे पुढली सत्तर-पंचाहत्तर वर्षं, राज्य करत राहिला. महेश्वरच्या रुपयावर अहिल्याबाईंची खूण शिवलिंग आणि बेलाचं पान, इंदूरच्या रुपयावर सूर्य. बादशहा दोन्हीकडे निमित्तमात्र. फक्त पहिल्या यशवंतरावांनी १८०६ मध्ये, शक १७२८ घालून, चक्क संस्कृत श्लोकाचा रुपया काढला. त्यातही ‘इंद्रप्रस्थस्थितो राजा’ म्हणून दिल्लीच्या बादशहाला मान दिलाय, पण संस्कृतात! इंग्रजांशी लढून नुकताच राजघाटचा तह झालेला, आणि गडी मुद्रेवर अनुष्टुभ लिहवून घेतो. तो रुपया मी फक्त चित्रात पाहिलाय. सराफांनीही.

“बाकी कुठं गेले?” मी विचारलं.

सराफांनी मागच्या भट्टीकडे हनुवटी केली. “भाव चढला की लोक आणतात. लक्ष्मीपूजनाला राणीछाप लागतो, हे कोण घेतो?”

मग मी लाजत माझा पांचियो पुढे केला. त्यांनी काटा घेतलाच नाही. अंगठ्याच्या नखावर तोलून वर उडवला आणि लाकडी ओट्यावर पडू दिला. थड्. शेजारी एक सूर्यछाप टाकला. तो खणखणला आणि बराच वेळ खणखणत राहिला. पांचियो माझ्या तळहातावर परत ठेवत ते म्हणाले, “जर्मन सिल्व्हर. बच्चे को खेलने देना.”

मी सूर्यछापांतून निवड करत बसलो. हा झिजलाय, त्याचा सूर्य अर्धाच आलाय, याला टाका मारलाय. तेवढ्यात दाजींनी बाजूला ठेवलेला सगळ्यात चांगला नग उचलला, सराफांच्या पद्धतीनं ओट्यावर वाजवला, कान देऊन ऐकला आणि पाकीट काढलं.

“दाजी, तो मी बघत होतो.”

“तुम्ही बघतच होतात. मी घेतला.”

पुण्याच्या गाडीत रात्री साडेअकरापर्यंत ते खालच्या बर्थच्या लोखंडी कडेवर सूर्यछाप वाजवत होते. मधेच माझ्याकडे हात पसरत, मी मुकाट्यानं पांचियो देई, ते तोही वाजवत, मान हलवत आणि परत देत. शेवटी वरच्या बर्थवरच्या काकूंनी लाइट लावून विचारलं, की हे अजून किती वेळ चालणार आहे.